एचआयव्ही टेस्ट: आधी दिवस मोजा, मग रिपोर्ट वाचा

एचआयव्हीचा धोका (असुरक्षित संबंध किंवा वापरलेली सुई टोचणं) होऊन 72 तास उलटले नसतील तर पुढचं नंतर वाचा. आधी सरकारी रुग्णालय गाठा आणि पीईपीच्या, म्हणजे धोक्यानंतर लागण टाळायच्या, गोळ्या मागा. त्या 28 दिवस घ्यायच्या असतात, आणि जितक्या लवकर सुरू कराल तितक्या उपयोगाच्या.

टेस्टचं म्हणाल तर, दुसऱ्या दिवशी काढलेला निगेटिव्ह रिपोर्ट त्या धोक्याबद्दल काहीच सांगत नाही. विषाणू शरीरात शिरला तरी तो टेस्टला दिसायला वेळ लागतो. हाच विंडो पिरियड, आणि तो टेस्टप्रमाणे बदलतो. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली फोर्थ जनरेशन टेस्ट अँटीबॉडीबरोबर (शरीर विषाणूविरुद्ध बनवतं ती प्रथिनं) पी24 हे विषाणूचं प्रथिनही शोधते, म्हणून ती 18 ते 45 दिवसांत पकडते. फक्त अँटीबॉडी शोधणाऱ्या टेस्टला 23 ते 90 दिवस लागतात, आणि बोट टोचून केलेली रॅपिड टेस्ट 90 दिवसांची धरावी. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी विचारा, 'ही टेस्ट कोणती?'

खलाशाचं उदाहरण घेऊ. धोका 1 जूनचा, म्हणजे पावसाळी मासेमारी बंदी सुरू झाली तो दिवस. 45वा दिवस 16 जुलैला येतो. होडी अजून किनाऱ्यावर, तेव्हा लॅब टेस्ट जमते. 90वा दिवस मात्र 30 ऑगस्ट. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात जातात आणि ही तारीख हमखास हुकते. कॅलेंडरवर आजच खूण करा. पीईपी घेतली असेल तर ही मोजणी शेवटच्या गोळीपासून धरलेली बरी, कारण गोळ्यांमुळे अँटीबॉडी उशिरा दिसू शकते.

रॅपिड किटमध्ये 'सी'ची, म्हणजे किट नीट चाललं हे सांगणारी, रेघ उमटलीच नाही तर टेस्ट फुकट गेली, ती निगेटिव्ह नव्हे. किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचा. तासाभराने दिसलेली फिकट रेघ धरू नका. आपल्याकडच्या दमट हवेत पाकीट फोडलं की लगेच वापरावं.

'रिॲक्टिव्ह', म्हणजे टेस्टमध्ये एचआयव्हीची खूण दिसली, असं आलं म्हणजे निकाल लागला असं नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटवर तपासल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. तिन्हींचं जमलं नाही तर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त देतात. जोडीदाराचा निगेटिव्ह रिपोर्ट मात्र तुमच्या कामाचा नाही.

आयसीटीसीतली टेस्ट मोफत असते. गावच्या ओळखीची धास्ती असेल तर शेजारच्या तालुक्यात जा. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या लेखी संमतीशिवाय निकाल कुणाला सांगता येत नाही, काही ठरावीक अपवाद सोडले तर. केंद्र कुठे आहे हे 1097वर मोफत फोन करून विचारता येतं.