घड्याळाच्या मशीनला बोट लागू नये म्हणून

घड्याळ दुरुस्त करताना बोटं झाकायची ती मुख्यतः मशीनसाठी. घामात मीठ असतं. पितळी किंवा निकेल चढवलेल्या प्लेटवर अंगठा टेकला, तर तेव्हा काहीच दिसत नाही. पुढे कधीतरी तिथे बोटाच्या रेघांसकट डाग उमटतो आणि तो पुसून जात नाही. जुनं एचएमटी जनता उघडलं, की आधीच्या माणसाने मशीन कुठे धरलं होतं हे पुष्कळदा नुसतं बघून कळतं.

पूर्ण हातमोजे मात्र नकोत. टोकाशी जरा सैल रबर असलं तरी चिमट्यात अडकतं आणि स्क्रू उडतो. सुती मोज्यांचे तंतू थेट चाकांत जातात. घड्याळजी वापरतात ते फिंगर कॉट, म्हणजे एकेका बोटाला चढवायच्या रबरी टोप्या. पावडर नसलेल्याच घ्या, कारण पावडर तेलात मिसळते.

१. मागचं झाकण आधी उघडा, टोप्या नंतर चढवा. दाबाचं झाकण सुरीने उघडताना पातं सटकतं, आणि पातळ रबर त्यापुढे काहीच नाही. घड्याळ केस होल्डरमध्ये, म्हणजे घड्याळ घट्ट पकडून ठेवणाऱ्या साधनात बसवा. तो नसेल तर धरणाऱ्या अंगठ्यावर चामड्याचा तुकडा घ्या. पात्याचं तोंड तळहाताकडे नको.

२. नखं कापा, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटावर टोपी आत सरकत राहते.

३. गुंडाळलेली टोपी बोटाच्या टोकावर ठेवून दुसऱ्या पेरापर्यंत उलगडत न्या. टोकाशी सुरकुती राहिली तर लहान माप घ्या. बोट बधिर व्हायला लागलं तर मोठं. मशीन धरणाऱ्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एवढं पुरतं. चिमट्याचा हात मोकळा ठेवला तरी चालतो, फक्त त्या हाताने सुटा भाग उचलायचा नाही, अगदी ‘एवढंसं काय होतंय’ म्हणूनसुद्धा नाही.

४. टोप्या घातल्या म्हणून कुठेही धरू नका. मशीन कडेनेच धरा, डायलही कडेनेच. बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक) आणि हेअरस्प्रिंग (त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग) यांना टोपी घातलेलं बोटही लावायचं नाही.

५. कपाळाचा घाम पुसला, मोबाइल उचलला किंवा टोपीला तेल लागलं, की ती बदला. आपल्याकडच्या मे महिन्यात बोटं आत भिजतात. टोपी काढा, बोट पुसा, नवी घाला.

भाग पेट्रोलमध्ये धुणार असाल तर लेटेक्स, म्हणजे नैसर्गिक रबर, फुगून ढिलं पडतं, तिथे नायट्राइल या कृत्रिम रबराच्या टोप्या घ्या. घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, चांदीची असेल तरी नायट्राइलच, कारण लेटेक्समधल्या गंधकाने चांदी काळवंडते.

खूप जुन्या घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. तो अंधारात चमकेनासा झाला तरी किरणोत्सर्ग चालूच असतो. त्याची भुकटी श्वासातून आत जाते, तिथे बोटांवरच्या टोप्यांचा उपयोग नाही. असा रंग खरवडू नका.