सिंथेसायझरवर मींड कशी साधावी

ज्यांच्या कानावर गाण्याचा थोडाफार संस्कार झालेला आहे आणि ज्यांच्याकडे पिच बेंडचे, म्हणजे सूर वाकवण्याचे, चाक असलेला कीबोर्ड किंवा सिंथेसायझर आहे, त्यांच्यासाठी हे टिपण लिहिले आहे. अशा वाद्यावर राग वाजवू लागले की पट्ट्या सूर दाखवतात, पण दोन सुरांमधली अखंड वाट, म्हणजेच मींड, दाखवत नाहीत, हे पहिल्याच दिवशी जाणवते. पेटीबद्दल आपल्याकडे हाच आक्षेप होता आणि त्यापायी आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदीही घातली होती. सिंथेसायझरवर मात्र ही वाट चांगल्यापैकी सापडू शकते, कारण विजेवरच्या वाद्यांची सुरुवातच अखंड सुरापासून झालेली आहे.

रशियात लेव्ह तेर्मेन यांनी 1920 मध्ये घडवलेल्या थेरमिनला पट्टीच नव्हती. वादकाचा एक हात हवेत अँटेनाच्या जवळ किंवा दूर जाई, तसा सूर चढे किंवा उतरे. पॅरिसमध्ये 1928 साली मॉरिस मार्तनो यांनी आपले वाद्य लोकांसमोर आणले, त्यात बोटातली अंगठी एका ताणलेल्या दोरीबरोबर सरकवून सूर ओढता येत असे. पुढे रॉबर्ट मूग यांच्या 1964 पासूनच्या सिंथेसायझरांना पियानोसारखी पट्टी जोडली गेली आणि वाद्य घरोघर पोहोचण्याची वाट मोकळी झाली, पण सूर पुन्हा बारा घरांत विभागला गेला. 1970 च्या मिनीमूगवर डाव्या हाताशी सूर वाकवण्याचे चाक बसवले गेले. आपले सगळे काम त्याच चाकावर चालणार आहे.

प्रथम षड्ज पक्का करावा. तानपुरा लावून आपली पट्टी, म्हणजे काळी एक, पांढरी चार, जी असेल ती, निश्चित करावी. त्यानंतर वाद्यात स्केल ट्यूनिंगची, म्हणजे एकेक सूर किंचित चढवण्या-उतरवण्याची, सोय असल्यास सूर तानपुऱ्याच्या जवळ आणावेत. अर्ध्या सुराचे शंभर भाग मानले, तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. शुद्ध गंधार 14 सेंटनी उतरवावा, शुद्ध धैवत 16 नी आणि शुद्ध निषाद 12 नी उतरवावा, तर पंचम 2 सेंटनी चढवावा. हे आकडे केवळ आरंभापुरते आहेत, कारण प्रत्येक रागात गंधाराची जागा थोडी वेगळी असते आणि अंतिम निर्णय तानपुऱ्यानेच द्यायचा असतो.

आता आवाज निवडावा. एका वेळी एकच सूर वाजेल अशी मोनो स्थिती आणि सूर न तोडता जोडणारे लेगाटो चालू ठेवावे, आपोआप थरथरणारा व्हिब्राटो आणि आवाज दाट करणारा कोरस पूर्णपणे बंद करावेत, आणि सूर धरून ठेवल्यावर विरून न जाणारा साधा, किंचित मऊ आवाज घ्यावा. अनेकांना येथे पोर्टामेंटोचा, म्हणजे एका पट्टीवरून दुसरीवर सूर आपोआप घसरवण्याच्या सोयीचा, मोह होतो. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रागांवर आधारलेली तबकडी केली, तेव्हा वापरलेल्या रोलँड टीबी-303 यंत्रात सूर घसरवण्याची अशीच सोय होती, आणि तिथे तिचा परिणाम विलक्षण झाला आहे. तरीही आलापासाठी मी पोर्टामेंटो सुचवणार नाही, कारण त्यात घसरणीची गती यंत्र ठरवते, आणि मींडेचा सारा जीव कुठे रेंगाळायचे व कुठून सहज निघून जायचे याच निवडीत असतो.

चाकाचा पल्ला, म्हणजे चाक टोकाला नेल्यावर सूर जितका वाकतो ते अंतर, बहुतेक वाद्यांत मुळात दोन अर्धसुरांचा असतो. तो बदलून चार करावा. सरावासाठी शुद्ध कल्याणमधली पंचमावरून गंधारावर उतरणारी मींड घ्यावी, कारण तिच्यात तीव्र मध्यम ओझरता स्पर्श करून जातो आणि त्यावर थांबले की राग बिघडतो. पंचमाची पट्टी दाबावी, सूर स्थिर होऊ द्यावा आणि चाक हळूहळू खाली आणत गंधारावर विसावावे. येथे तीन अर्धसुरांचा पल्ला ठेवून चाक टोकापर्यंत नेणे सोपे वाटेल, पण मग गंधार टेंपर्ड, म्हणजे बारा समान अर्धसुरांच्या, पट्टीच्याच आसपास, सुमारे 16 सेंट चढा लागतो. चारचा पल्ला असला की टोक आधार देत नाही आणि गंधार कानाने शोधावा लागतो, म्हणून हा त्रास पत्करावा. पहिले काही दिवस ही एकच मींड, चार-चार सेकंदांची, तानपुऱ्यावर घोटावी.

सूर पायरी-पायरीने उतरतोय असे ऐकू आले, तर दोष हाताचा नसेलही. विजेवरची वाद्ये एकमेकांशी जोडणाऱ्या 1983 च्या मिडी पद्धतीत चाकासाठी 16,384 पायऱ्यांची तरतूद आहे, पण काही स्वस्त कीबोर्डांची चाके त्यांतल्या जेमतेम 128 पायऱ्याच वापरतात; मग चारच्या पल्ल्यावर प्रत्येक पायरी सहा सेंटांहून मोठी होते. अशा वाद्यावर पल्ला दोनच ठेवून लहान मींडच घ्यावी.

या जुन्या मिडी पद्धतीची आणखी एक अडचण म्हणजे चाक फिरवले की त्या चॅनलवरचे, म्हणजे संदेशांच्या त्या मार्गावरचे, सगळेच सूर सरकतात, त्यामुळे त्याच आवाजात षड्ज धरून वर मींड घेता येत नाही. 2018 मध्ये मान्य झालेल्या एमपीई या मिडीच्याच विस्तारित पद्धतीत प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल मिळतो, म्हणून एक बोट षड्जावर निश्चल राहते आणि दुसरे पट्टीवर आडवे सरकून मींड काढते. 2020 च्या मिडी 2.0 मध्ये प्रत्येक सुराचे वाकणे 32 बिटांच्या सूक्ष्मतेने पाठवण्याची तरतूद आहे. येत्या काळात ही सोय साध्या वाद्यांतही यावी, असे मला मनापासून वाटते.

नवे वाद्य घ्यायचे असल्यास दुकानात एमपीई आहे का एवढेच विचारून थांबू नये. वाद्य आणि आवाज देणारे सॉफ्टवेअर या दोन्हींत बेंडचा पल्ला सारखाच, बहुधा 48 अर्धसुरांचा, लावून घ्यावा. तो जुळला नाही तर बोट पंचमावर पोहोचते आणि सूर भलतीकडेच लागतो. मग फोनवर तानपुरा लावून, एक बोट षड्जावर ठेवून, तीच पंचम-गंधाराची मींड वाजवून पाहावी.