ल्युपसचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. त्यासाठी दर तीन महिन्यांनी एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्तचाचणी) करून घेणारे पेशंट अजूनही भेटतात. मागच्या वेळी १:६४०, आता १:१२८०, म्हणजे आजार दुप्पट झाला असं समजून घर हवालदिल. अहो, ही चाचणी रक्त दर पायरीला निम्मं पातळ करत केली जाते. एका पायरीचा फरक तेच रक्त पुन्हा तपासलं तरी पडू शकतो. एएनए निदानासाठी असतो. एकदा पॉझिटिव्ह आला की त्याचं काम झालं.

आजार किती भडकलाय हे बघायला अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची अँटिबॉडी) आणि सी३, सी४ (रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ या संरक्षक प्रथिनांपैकी दोन). भडक्यात पहिला बहुधा चढतो आणि सी३, सी४ उतरतात, कारण कॉम्प्लिमेंट तिथे खर्ची पडतं. इथे सगळ्यात मोठा घोळ लॅब बदलल्याने होतो. अँटी-डीएसडीएनए मोजायची पद्धत एकीकडे एलायझा, दुसरीकडे इम्युनोफ्लुरोसन्स. हे आकडे शेजारी मांडून तुलना करायचीच नाही.

दुसरा घोळ ‘नॉर्मल’ या शब्दाचा. समजा लॅबची मर्यादा ९० ते १८० आहे आणि एरवी १४० असणारा तुमचा सी३ ९५ वर आला. कागदावर काहीच ठळक छापलं जाणार नाही, पण घसरण झालेली आहे. गरोदरपणात तर कॉम्प्लिमेंट मुळातच वाढतं, त्यामुळे तेव्हाचा नॉर्मल आकडा फसवा असू शकतो. उलट काहींचा सी४ जन्मजात कमी असतो; तो कायमच खाली दिसतो, त्याला घाबरू नये.

सीआरपी आणि ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या. पण सीआरपी नॉर्मल म्हणजे ल्युपस शांत, हेही खरं नाही. भडक्यात ईएसआर वाढतो, सीआरपी मात्र बरेचदा जागचा हलत नाही. तो एकदम उसळला, सोबत ताप असला, तर आधी संसर्ग शोधायचा. (सांधे सुजले किंवा फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली तर तो ल्युपसमुळेही वाढतो, एवढा अपवाद.) पांढऱ्या पेशी वाढल्या तर स्टेरॉइड चालू आहे का तेही बघा.

रक्त चांगलं आलं म्हणून लघवीची तपासणी मात्र गाळू नका. मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला दुखत नाही. लघवीतून किती प्रोटीन जातंय हे दाखवणारं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.५ च्या वर गेलं की डॉक्टर बायोप्सीचा (मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा) विचार करू लागतात.

अँटी-डीएसडीएनए चढलेला, पण पेशंट ठणठणीत, असंही होतं. अशा वेळी मनाने स्टेरॉइड वाढवू नका. डॉक्टर बहुधा पुढची तपासणी लवकर ठेवतात. आणि रिपोर्ट छान आले म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे ल्युपस काबूत ठेवणारं औषध बंद करणं, ही तर नेहमीची चूक.

वहीत प्रत्येक आकड्याशेजारी तारीख, लॅबचं नाव आणि त्या दिवशीचा स्टेरॉइडचा डोस लिहीत जा.