साथ आली की कॉलनीत मदत कशी उभी करायची (इंदूरकरांनो, आत्ताच वाचून ठेवा)

हे साथ नसताना वाचायचं आहे म्हणून आत्ता लिहितेय. 2020 साली 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 25 पासून देशभर लॉकडाऊन, आणि इंदूरला कोविडचे पहिले पेशंटही त्याच आठवड्यात सापडले, म्हणजे तयारीला वेळ असा मिळालाच नाही. दूध कुठून येणार, आजींच्या बीपीच्या गोळ्या कोण आणणार, समोरच्या साइटवरचे मजूर काय खाणार, सगळं एकदम अंगावर आलं. ज्या कॉलन्यांमध्ये लोक एकमेकांना आधीपासून ओळखत होते तिथे दोन दिवसांत गाडी रुळावर आली, बाकीच्यांचा पहिला आठवडा नुसता फोन नंबर शोधण्यात गेला.

म्हणून सगळ्यात आधी यादी. पैसे गोळा करणं, ग्रुप बनवणं, बॅनर छापणं हे सगळं नंतर. रहवासी संघाच्या रजिस्टरमध्ये घरमालकाचं नाव आणि मेंटेनन्स भरला की नाही एवढंच असतं, त्याचा इथे काही उपयोग नाही. आपल्याला पाहिजे ते वेगळं: घरात माणसं किती, साठीच्या पुढे कोण, शुगर, बीपी, दमा, डायलिसिस कोणाला, कोणी गरोदर आहे का, आणि मुलं बाहेरगावी असतील तर त्यांचा नंबर. आपल्या मराठी घरांत तर हे फारच, रामबाग म्हणा लोकमान्य नगर म्हणा राजेंद्र नगर म्हणा, मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळुरूला किंवा अमेरिकेत, आणि इथे दोघंच म्हातारी माणसं, त्यातल्या एकाला ऐकू कमी येतं. अशा घरावर खूण करून ठेवा, रोज एक फोन तिथे जायलाच पाहिजे.

आणि यादीत ती माणसं घ्या जी कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात. वॉचमन, इस्त्रीवाला, कामाच्या बायका, बांधकामावर झोपडी टाकून राहणारी झाबुआ-अलीराजपूरकडची कुटुंबं. काम बंद झालं की सगळ्यात आधी चूल त्यांची विझते आणि मागायला ते सगळ्यात शेवटी येतात. यादी कागदावर पण ठेवा, दोन प्रती, नेट बंद पडतं, फोन हरवतो. आणि कोणाला काय आजार आहे ते ग्रुपवर टाकायचं नाही, ती यादी दोन-तीन जबाबदार लोकांकडेच राहू द्या.

साधारण 20 घरांमागे एक माणूस नेमा. कोण? अध्यक्ष, सचिव नकोत, त्यांना बाकी कामं खूप. गणपतीची वर्गणी गोळा करणारी मुलं बघा. त्यांना प्रत्येक घराची बेल माहीत असते, कुठल्या काकू आधी खिडकीतून बघतात आणि कुठल्या काकांचं कुत्रं चावतं ते पण माहीत असतं. दुसऱ्या म्हणजे भजनी मंडळातल्या बायका. एखाद्या आजी मुलाला सांगणार नाहीत की तीन दिवस ताप आहे, पण बरोबर भजन म्हणणाऱ्या काकूंना सांगतील. मला विचाराल तर सगळ्या कामाचा जीव इथे आहे, दार कोण वाजवतंय यावर ते उघडतं की नाही ते ठरतं.

हे काही माझं तत्त्वज्ञान नाहीये. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी रँडच्या हाताखाली सोल्जर घराघरांत घुसून झडती घ्यायचे, देवघरापर्यंत जायचे, लोकांनी काय केलं तर पेशंट लपवले. पुढे काय झालं ते शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलंय. त्याच वर्षी त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले स्वतः आजाऱ्यांना दवाखान्यात आणत होत्या, मुलगा यशवंत डॉक्टर, त्याने हडपसरकडे दवाखाना काढला होता, आणि पेशंटची सेवा करतानाच प्लेग होऊन 10 मार्चला त्या गेल्या. दोन्ही गोष्टी एकाच साथीतल्या, एकच आजार.

आपल्या इंदूरचंच बघा. 1 एप्रिल 2020 ला टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या टीमवर दगडफेक झाली, तोपर्यंत लोकांमध्ये नाही नाही त्या अफवा फिरत होत्या. त्या टीममधल्या दोन महिला डॉक्टर दुसऱ्या दिवशी परत त्याच भागात कामाला गेल्या. माझ्यासाठी त्या सगळ्या महिन्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे. त्याच महिन्यात केंद्राने अध्यादेश काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा केला, गंभीर इजा झाली तर 7 वर्षांपर्यंत शिक्षा, ते बरोबरच झालं, पण दार काही कायद्याने उघडत नाही. तुमच्या वॉर्डात आशा ताई किंवा एएनएम (सरकारी नर्स) येणार असतील तर आदल्या संध्याकाळी त्या गल्लीतल्या ओळखीच्या माणसाने घरोघर सांगून यायचं: उद्या 11 वाजता दोन ताया येणार, काय विचारणार, काय नेणार नाहीत, कोणाला उचलून नेत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने त्यांच्याबरोबर फिरायचं.

प्रचार कसा करायचा याचा नमुना पण इंदूरातच आहे आणि शंभर वर्षं जुना आहे. 1917 च्या सुमारास शहरात प्लेग होता आणि होळकर दरबाराने स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं होतं. त्यांनी पत्रकं वाटत बसण्यापेक्षा दिवाळीची मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की ज्या गल्ल्या सगळ्यात स्वच्छ होतील मिरवणूक तिथूनच जाणार. झालं, सगळं शहर झाडू घेऊन कामाला लागलं, गाड्याच्या गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, राक्षस होता, शेवटी तो जाळला. सफाई कामगारांना नवे पांढरे कपडे, हार घालून मानाने मिरवलं, आणि लोकांना तुळशीची रोपं वाटली. बघा ना, भीती कुठेच घातली नाही. उंदीर सगळ्यांना दिसला, आणि जे हात खरं काम करत होते ते पण दिसले. आता श्वासातून पसरणाऱ्या साथीत गर्दी जमवून मिरवणूक नाही काढता येणार हे उघडच आहे, पण सफाईवाल्या दादांचा सत्कार गेटवर, अंतर ठेवून, दहा मिनिटांत होतो, आणि मुलांची चित्रं कचरा गाडीवर लावता येतात, ती गाडी रोज प्रत्येक दारासमोर थांबतेच.

आता मेसेज. मेसेज लिहिताना काय करायचं एवढंच लिहून भागत नाही, कुठे करायचं आणि काय नाही करायचं ते पण लिहा. जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी थाळ्या आपापल्या दारात, गॅलरीत वाजवायच्या होत्या आणि आपल्याकडे राजवाड्यावर गर्दी झाली, लोकांच्या मनात वाईट काही नव्हतं, उत्साह होता. चांगला मेसेज असा असतो:

"मंगळवार, सकाळी 9. भाजीचा ठेला आज 10 ते 12 दत्त मंदिरापाशी. एका घरातून एकानेच यावं, मास्क नाकावर. साठीच्या पुढच्यांनी येऊ नये, तुमच्या लाइनीतल्या मुलाला फोन करा, तो आणून देईल. पुढचा मेसेज संध्याकाळी 7 ला."

वार आहे, वेळ आहे, काय करायचं, कोणी नाही करायचं, आणि पुढची बातमी कधी ते आहे. ते शेवटचं फार कामाचं, पुढचा मेसेज 7 ला येणार हे माहीत असलं की माणूस दिवसभर फोन उघडून घाबरत बसत नाही. दिवसाला दोनच मेसेज, एकाच माणसाच्या नंबरवरून, बाकी ग्रुप बंद ठेवा, फक्त अ‍ॅडमिन लिहील असं सेटिंग असतं. काढे, गरम पाण्याचे चमत्कार, "सर्वांना पाठवा"वाले व्हिडिओ, यावर वाद घालू नका, पाठवणाऱ्या काकांना वेगळा फोन करून प्रेमाने सांगा. ग्रुपवर सगळ्यांसमोर खोटं पाडलं की ते हट्टाला पेटतात. आणि साइटवरच्या मजुरांसाठी मराठी-हिंदी दोन्ही अपुऱ्या, त्यांच्यातल्याच एखाद्याकडून भिलीत किंवा निमाडीत एक मिनिटाचा ऑडिओ रेकॉर्ड करून घ्या.

राशनचं थोडक्यात. चार माणसांना 15 दिवस: आटा 10 किलो, तांदूळ 5, तूर डाळ 2, तेल 1 लिटर, मीठ, साखर, चहा, हळद-तिखट, कपड्याचा आणि अंगाचा साबण, काडेपेटी, आणि सॅनिटरी पॅड. पॅड हमखास राहतात कारण यादी पुरुष बनवतात, म्हणून एक बाई यादीवर बसवाच. आधी कंट्रोलवर (सरकारी राशन दुकानात) काय मिळतंय ते बघा, 2020 मध्ये राशन कार्डावर माणशी 5 किलो धान्य जादा फुकट मिळत होतं आणि कित्येकांना माहीतच नव्हतं. बाहेरच्या राज्यातल्यांना पण वन नेशन वन राशन कार्डवर धान्य उचलता येतं. म्हणजे आपली वर्गणी ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांच्यासाठी उरते. शिजवलेलं अन्न वाटायचं असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात दुपारपर्यंत आंबतं, कमी करा, लगेच वाटा. आणि देताना फोटो काढायचा नाही. हिशोबाला फोटो पाहिजे तर भरलेल्या पिशव्यांचा काढा, माणसाचा नको, कृपा करा.

बायपासवर मदतीला उभं राहणाऱ्यांसाठी. मे 2020 मध्ये मुंबई-आग्रा रस्त्याने महाराष्ट्रातून यूपी-बिहारकडे निघालेले लोक इंदूर बायपासवरून जात होते, कोणी ट्रकवर, कोणी सायकलवर, कोणी पायी, आणि पुरी-भाजीपेक्षा जास्त गरज चपलांची होती, इंदूरकरांनी तिथे उभं राहून चपला वाटल्या. असं परत आलं तर लहान मुलांच्या मापाच्या पण ठेवा. बाकी पाणी, फोन चार्ज करायला बोर्ड, सावली, बायकांसाठी आडोसा, आणि ओआरएस. पाकीट संपलं तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात सपाट 6 छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका.

घरी असलेल्या पेशंटसाठी कॉलनीत चार-पाच ऑक्सिमीटर सामायिक ठेवा. कोणाकडे आहेत ते यादीत लिहा, आणि वापर शिकवा: पाच मिनिटं शांत बसायचं, नेलपॉलिश-मेंदी नसलेलं बोट, हात गरम, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, वेळेसकट वहीत लिहायचं. कोविडमध्ये 94 च्या खाली आलं की डॉक्टरला फोन, 90 च्या खाली तर फोनाफोनीत वेळ न घालवता दवाखाना. पुढची साथ वेगळी असली तर आकडे डॉक्टर सांगतील ते. स्टेरॉइड मनाने कोणी सुरू करायचं नाही, 2021 मध्ये ब्लॅक फंगसचे पेशंट एमवाय हॉस्पिटलमध्ये कसे भरले होते ते आठवा, त्यात शुगरवाले किती होते.

बेड, ऑक्सिजन, इंजेक्शनचे नंबर. एप्रिल 2021 मध्ये प्रत्येक फोनवर तोच नंबर दहा वेळा यायचा आणि लावला की बंद, नाहीतर स्टॉक संपला. घरातलं माणूस धापा टाकतंय आणि मुलगी एकेक बंद नंबर लावत बसलीये, याहून वाईट काही नाही. म्हणून नियम एकच, स्वतः फोन करून विचारल्याशिवाय नंबर पुढे पाठवायचा नाही. विचारलं की त्याखाली लिहायचं: कोणी लावला, किती वाजता, काय उत्तर मिळालं. चार तासांनी तो शिळा समजायचा, परत लावायचा, नाही लागला तर डिलीट. हे काम घरबसल्या होतं, कॉलेजची मुलं-मुली उत्तम करतात, बाहेरगावी असलेली आपली मुलं पण करू शकतात, अमेरिकेतल्यांची तर रात्रपाळी आपोआप होते. आगाऊ पैसे मागणाऱ्या नंबरला लाल खूण. सरकारी सोय पण माहीत ठेवा, 108 अँब्युलन्स, 104 आरोग्य हेल्पलाइन, आणि मोठी सेंटर कुठे उघडतात त्यावर नजर, जसं खंडवा रोडवर राधास्वामी सत्संगाच्या जागेत माँ अहिल्या कोविड केअर सेंटर उभं राहिलं होतं, सुरुवातीला 600 बेडचं.

पेशंटचे वापरलेले मास्क ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कापून कागदी पिशवीत 72 तास ठेवून मग वेगळे द्या, निगमवाल्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. घराबाहेर पोस्टर लावून "इथे पेशंट आहे" असं तर अजिबात नको, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2020 मध्येच सांगितलंय की सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय असं पोस्टर लावायचं नाही. पोस्टर लागलं की बाकीचे टेस्टच करत नाहीत. त्यापेक्षा त्या घराच्या दाराशी डबा ठेवून, बेल वाजवून, दहा फुटांवरून "काकू, आज आमटी आहे हो" असं ओरडून सांगा, घरातल्यांना त्याने फार बरं वाटतं.

पैशाचं: एकच खातं, संघाचं, रोज रात्री जमा-खर्च ग्रुपवर, पाच रुपयांचा दोरा घेतला तरी लिहा.

आणि एक काम साथ ओसरल्यावरचं, तेव्हा सगळे थकलेले असतात आणि ते राहून जातं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरचे कागद. टेस्टचा रिपोर्ट, दवाखान्याची फाइल, मृत्यू प्रमाणपत्र, सगळ्यांच्या फोटोकॉपी एका पिशवीत. कोविडमध्ये 50,000 रुपयांची मदत नंतर जाहीर झाली, आई-वडील गेलेल्या मुलांसाठी राज्याची आणि केंद्राची योजना आली, आणि ज्यांच्याकडे रिपोर्ट नव्हता ते ऑफिसच्या चकरा मारत राहिले. तुमच्या लाइनीतला जो मुलगा त्या घरी राशन पोचवत होता त्यालाच हे काम द्या, फॉर्म भरून, बरोबर जाऊन, पावती घेऊन येईपर्यंत.