गार्ड जायबंदी आणि यादीची मुदत चार दिवसांवर: संघाने काय करावे

कोल्हापुरात खेळाडूच्या दुखापतीची बातमी डॉक्टरांच्या आधी पेठेत पोहोचते. संध्याकाळच्या सरावात बास्केटबॉल संघाच्या पॉइंट गार्डचा, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणाऱ्या खेळाडूचा, पाय मुरगळला, की रात्री नऊच्या आत व्यवस्थापकाला तीन जणांचे फोन येतात आणि तिघेही एकेक ‘तयार मुलगा’ सुचवतात. त्यातच संयोजकांकडे खेळाडूंची अंतिम यादी देण्याची मुदत चार दिवसांवर आली असेल, तर बहुतेक संघ पहिल्या सुचवलेल्या नावावर बोट ठेवून मोकळे होतात. क्लब, जिल्हा आणि महाविद्यालयीन पातळीवर संघ सांभाळणाऱ्यांनी त्या चार दिवसांत कोणत्या क्रमाने काय करावे, ते येथे मांडले आहे. माझे म्हणणे एवढेच की, माणूस बदलण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. त्याआधी दुखापतीचा काळ मोजावा आणि गार्डची कामे आहेत त्याच मुलांत वाटून पाहावीत.

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये या पेचाला ‘ट्रेड डेडलाइन’ हे नाव आहे. २०२५ साली ती ६ फेब्रुवारीला तेथील दुपारी तीन वाजता, म्हणजे आपल्या घड्याळात मध्यरात्रीनंतर दीड वाजता संपली आणि त्यानंतर त्या हंगामापुरती संघांमधील खेळाडूंची अदलाबदल बंद झाली. आपल्याकडे खेळाडूंचा असा बाजार नाही. आपली मुदत म्हणजे प्रवेशिका आणि बारा नावांची यादी. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांत तर मुलगा त्याच शाळेचा असावा लागतो, त्यामुळे तेथील प्रशिक्षकांनी बाहेरून खेळाडू घेण्याविषयीचा पुढील भाग सोडून दिला तरी चालेल.

पहिली रात्र

घोटा मुरगळला असल्यास दोन गोष्टी तपासाव्यात. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडाच्या टोकावर व मागच्या कडेवर, तसेच पावलाच्या बाहेरच्या कडेच्या उंचवट्यावर बोटाने दाबल्यास नेमकी हाडावर कळ येते का, हे पाहावे. आणि खेळाडूला आधाराशिवाय चार पावले टाकता येतात का, हेही पाहावे. कळ येत असेल किंवा पावले पडत नसतील, तर सकाळची वाट न पाहता एक्स-रे काढून घ्यावा. तोपर्यंत कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा ते वीस मिनिटे लावावा, पट्टी बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा.

कोल्हापूर हे तालमींचे गाव असल्यामुळे येथे एक सूचना स्वतंत्रपणे द्यावी लागते. ‘वस्तादांकडे नेऊन पाय चोळून घेऊ, उद्या पळायला लागेल’ असे सांगणारा एक जण प्रत्येक संघात असतोच. वस्तादांच्या हाताविषयी मला आदर आहे, परंतु फाटलेल्या लिगामेंटवर किंवा तडा गेलेल्या हाडावर पहिल्या दोन-तीन दिवसांत तेल लावून जोराने चोळल्यास सूज वाढते, आणि दहा दिवसांची दुखापत महिन्यावर जाऊ शकते.

गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येऊन काही तासांत गुडघा सुजला, किंवा टाचेच्या वरच्या बाजूस कोणीतरी मागून लाथ मारल्यासारखे वाटले, तर प्रकरण वेगळे आहे. पहिल्या प्रकारात गुडघ्याच्या आतल्या मुख्य लिगामेंटचा आणि दुसऱ्यात टाचेच्या शिरेचा संशय घ्यावा लागतो. निदान पक्के झाले, तर हंगाम संपला असे समजून पुढचे नियोजन करावे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणे धोक्याचे मानले जाते.

दिवसांचा हिशेब

डॉक्टरांना ‘कधी बरा होईल’ असे विचारू नये, कारण या प्रश्नाला ‘दोन-तीन आठवडे’ याशिवाय उत्तर मिळत नाही. त्याऐवजी तीन तारखा विचाराव्यात: न लंगडता चालण्याची, सरळ रेषेत धावण्याची, आणि वेगात थांबून दिशा बदलण्याची. गार्डचा सगळा खेळ तिसऱ्या तारखेनंतर सुरू होतो. घोट्याची सौम्य दुखापत साधारण एक ते दोन आठवडे, मध्यम दुखापत तीन ते सहा आठवडे घेते आणि लिगामेंट पूर्ण फाटले असल्यास दोन-तीन महिने जातात.

आता एका कागदावर स्पर्धेच्या तारखा आणि त्यांच्याखाली ही तिसरी तारीख लिहावी. साखळी सामने येत्या शनिवारी सुरू होत असतील, उपांत्य सामना त्यानंतर नवव्या दिवशी असेल आणि दुखापत सौम्य असेल, तर गार्डचे नाव यादीत ठेवून साखळीपुरती सोय पाहणे शहाणपणाचे ठरते. दुखापत मध्यम असेल, तर त्याची जागा रिकामी करावी. हा निर्णय मन कठोर करून घ्यावा लागतो, कारण नाव एकदा यादीतून गेले की बहुतेक ठिकाणी ते परत घालता येत नाही. एनबीएमध्येही हंगामभर खेळू न शकणाऱ्या खेळाडूच्या जागी नवा खेळाडू घेण्यासाठी संघाच्या एकूण पगारावरील मर्यादेतून सवलत मिळते, पण जायबंदी खेळाडूला १५ जूनपर्यंत खेळता न येण्याची शक्यता बरीच अधिक आहे, असे त्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांनी सांगावे लागते आणि संघाला १५ जानेवारीपर्यंत अर्ज करावा लागतो. जिथे कोट्यवधी डॉलरचा प्रश्न असतो तिथेही आधी डॉक्टरांचे मत लागते.

गार्डची कामे वाटून पाहणे

‘आमचा गार्ड गेला’ असे आपण म्हणतो, तेव्हा एका माणसासोबत चार-पाच कामे गेलेली असतात: चेंडू वर, म्हणजे आपल्या अर्ध्या मैदानातून समोरच्या अर्ध्यात नेणे, आखलेला डाव सुरू करणे, शॉट क्लॉक (बास्केटवर चेंडू टाकण्यासाठीचे चोवीस सेकंदांचे घड्याळ) संपत आला असताना वाट काढणे, समोरच्या गार्डला रोखणे आणि शेवटच्या मिनिटात चेंडू हातात ठेवून फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक, मारणे. ही सगळी कामे करणारा दुसरा मुलगा चार दिवसांत मिळत नाही, पण एकेक काम करणारे तुमच्या बाकावर बहुधा बसलेले असतात.

सर्वांत अवघड काम पहिले आहे. तुमचा गार्ड नाही हे समोरच्या संघाला कळलेलेच असते, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून पूर्ण मैदानावर प्रेस येणार, म्हणजे चेंडू आत येताच ते अंगावर येऊन अडवणार, हे गृहीत धरावे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चेंडू आत टाकण्यासाठी पाच सेकंद आणि अर्धी रेषा ओलांडण्यासाठी आठ सेकंद मिळतात. अशा वेळी दुसऱ्या क्रमांकाच्या गार्डला ‘तूच आता ड्रिबल करत ने’ असे सांगणे म्हणजे त्याला कोपऱ्यात नेऊन दोघांच्या तावडीत देणे होय. चेंडू ड्रिबलने न नेता पासने न्यावा. दुसऱ्या गार्डने कोपरा टाळून फ्री थ्रो रेषेच्या बाजूस चेंडू घ्यावा, ज्याचे हात चांगले आहेत अशा उंच फॉरवर्डने धावत मैदानाच्या मध्यावर येऊन तो डोक्यावरच्या उंचीवर झेलावा, आणि वळताच विरुद्ध बाजूच्या रेषेलगत पुढे धावणाऱ्या तिसऱ्याकडे सोडावा. चेंडू आत टाकणाऱ्याने तेथेच उभे न राहता दुसऱ्या गार्डच्या मागे थांबावे, म्हणजे पुढची वाट अडली तर मागे एक पास शिल्लक राहतो. सरावात पाच जणांविरुद्ध सात जण उभे करावेत आणि दहा प्रयत्नांत चेंडू किती वेळा सुखरूप पलीकडे गेला ते मोजावे. पहिल्या दिवशी चार वेळा जरी गेला तरी निराश होऊ नये. सातांविरुद्ध सहा-सात वेळा जाऊ लागला, की सामन्यात पाचांविरुद्ध खेळताना मैदान मोकळे वाटू लागते.

आठ सेकंदांतील सात सेकंद पलीकडे जाण्यातच गेले, तर चोवीसच्या घड्याळात सतराच उरतात; त्यामुळे लांबलचक डाव वहीत ठेवून फक्त दोन डाव घोटावेत. दोन्हींची सुरुवात फ्री थ्रो रेषेवर उभ्या असलेल्या उंच खेळाडूला पास देऊन करावी, म्हणजे बाकीचे निर्णय एकट्या नवख्या गार्डवर पडत नाहीत. समोरच्या गार्डला रोखण्याचे काम पायाने चपळ आणि हाताने लांब अशा मुलाकडे द्यावे, तो मग कोणत्याही जागेवर खेळत असो. अगदीच जमले नाही तर दोन-तीनचा झोन (पुढे दोघे, मागे तिघे, प्रत्येकाने माणसाऐवजी जागा राखायची) लावून दम वाचवावा. शेवटच्या मिनिटातील फ्री थ्रोसाठी सरावाच्या शेवटी, दम लागलेला असताना, प्रत्येकाला दहा फ्री थ्रो मारायला लावून आकडे लिहून ठेवावेत. पहिले नाव पुष्कळदा अनपेक्षित निघते.

बाकावरच्या मुलाला खरी संधी दिल्याचे एनबीएतील प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्क निक्सचे आहे. डिसेंबर २०११ मध्ये एक गार्ड जायबंदी झाल्यावर त्यांनी, त्याच महिन्यात दोन संघांनी सोडलेल्या जेरेमी लिनला घेऊन बाकावर बसवले होते. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यू जर्सी नेट्सविरुद्ध नाइलाजाने त्याला खेळवले, तेव्हा त्याने २५ गुण आणि ७ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेले पास) नोंदवले व त्या दिवसापासून निक्सने सलग सात सामने जिंकले. प्रत्येक बाकावर लिन बसलेला असतो असा याचा अर्थ नाही. परंतु बाकावरच्या मुलाला पाच मिनिटेही न खेळवता बाहेर शोध सुरू करणे घाईचे ठरते.

बाहेरून घ्यायचाच असेल तर

दोन दिवस ही वाटणी करून पाहिल्यावर जे काम कोणालाच जमले नाही, फक्त त्या कामासाठी बाहेरचा खेळाडू पाहावा. आम्ही एकदा याच्या उलट केले. यादीला तीन दिवस असताना इचलकरंजीचा एक अतिशय वेगवान मुलगा घेतला. मुलगा गुणी होता, पण त्याला आमचे इशारे माहीत नव्हते आणि आम्हाला त्याचा वेग झेपत नव्हता. तीन सामन्यांत त्याचे उत्तम पास आमच्याच फॉरवर्डच्या हातांवर आपटून बाहेर गेले. त्याच्यासाठी ज्या मुलाचे नाव आम्ही यादीतून काढले, तो पुढच्या हंगामात सरावालाच आला नाही. त्यात दोष आमचा होता.

नवा खेळाडू यादी बंद होण्याआधी किमान दोन पूर्ण सराव करू शकेल का, हे आधी विचारावे. तो उद्यमनगरातल्या कारखान्यात कामाला असेल, तर त्याची पाळी कोणती हे सामन्यांच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावे. तो याच हंगामात दुसऱ्या संघाकडून किंवा दुसऱ्या जिल्ह्याकडून खेळला असेल, तर ना हरकत पत्र लागते का, हे संयोजकांना लेखी विचारावे. तोंडी ‘चालेल हो’ वर विसंबून राहिल्यास आक्षेप येतो तेव्हा गुण जातात.

कधी कधी काहीच न घेणे हाही योग्य निर्णय असतो. ३१ जानेवारी २०२५ रोजी, मुदतीला आठवडाही उरला नसताना, न्यू ऑर्लीन्स पेलिकन्सच्या डेजॉन्टे मरे या गार्डची टाचेची शीर तुटली. हंगाम आधीच हातचा गेलेला असल्याने त्यांनी त्याच्या तोलाचा गार्ड शोधण्याऐवजी ब्रँडन इन्ग्रम या आपल्या खेळाडूला टोरांटो संघाकडे देऊन पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे हक्कही मिळवले. डॅलस संघावर मात्र उलटी वेळ आली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांनी लुका डॉन्चिच या गार्डला लेकर्स संघाकडे पाठवले आणि मुदत संपून गेल्यावर, ३ मार्च रोजी, उरलेल्या कायरी अर्विंग या गार्डच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. तेव्हा अदलाबदलीचे दार बंद झाले होते. म्हणून गार्ड धडधाकट असतानाही बारा जणांत चेंडू नेऊ शकणारे तीन जण असावेत, असे माझे मत झाले आहे.

यादी दिल्यानंतर

जायबंदी गार्डला घरी बसवू नये. त्याला सरावाला बोलवावे, नव्या मुलाशेजारी उभे करावे आणि सामन्यात बाकावर बसून शॉट क्लॉकचे आकडे ओरडून सांगण्याचे काम द्यावे. त्याच्या घरी प्रशिक्षकाने स्वतः जाऊन पुढचा कार्यक्रम सांगावा, कारण ‘एवढ्या सामन्यापुरता खेळव’ असा आग्रह पुष्कळदा घरूनच होतो.

तो परत येण्यास तयार आहे का, हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरवू नये. दुखऱ्या पायावर एकेरी उडी मारून ती चांगल्या पायाच्या उडीशी मोजावी. ती नव्वद टक्क्यांपेक्षा कमी भरत असेल, तर त्याला थांबवावे. उडी भरली आणि पूर्ण वेगात दिशा बदलताना कळ आली नाही, तर घोट्याला पट्टी किंवा आधार बांधून पहिल्या सामन्यात त्याला सामन्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात चार-पाच मिनिटेच द्यावीत. ही मिनिटे चेंडू वर नेण्याच्या कामापासून दूर, दुसऱ्या गार्डच्या जागी असावीत, आणि त्याला बाहेर कधी बोलवायचे ती वेळ सामना सुरू होण्याआधीच सहायकाच्या वहीत लिहून ठेवावी.