संत्र्याचा स्क्वॅश सकाळपर्यंत कडू व्हायचा, तो असा थांबवला

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरुडकडे आंबिया बहराची (संत्र्याच्या एका हंगामाची) तोड झाली की व्यापारी मोठं फळ उचलतो, बारीक फळ बागेतच उरतं. त्याचा स्क्वॅश केला की उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी बाजारची बाटली आणावी लागत नाही. पण संध्याकाळी गोड लागणारा रस सकाळी कडू व्हायचा.

हा कडूपणा बिया आणि फोडीच्या पापुद्र्यातून येतो. रस निघाल्यावर त्यात हळूहळू लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होतं, म्हणून लगेच जिभेला कळत नाही. रस तापवला की ते आणखी लवकर होतं.

म्हणून मिक्सर बंद केला. फोडीच्या पांढऱ्या शिरा ओढून काढते, आतली कड कात्रीनं कापते, बी अख्खी बाहेर येते. मग मलमलीत हलक्या हातानं दाबते. शेवटचा घट्ट पिळा अजिबात देत नाही, थोडा रस गेला तरी चालेल. हिरवट फळ घेऊ नका, त्यात कडूपणा जास्त.

1 लिटर रसाला 1 लिटर पाणी, पावणेदोन किलो साखर आणि 20 ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड). पाक उकळून, गाळून, पूर्ण थंड झाल्यावरच रस मिसळायचा. टिकण्यासाठी तयार स्क्वॅशच्या लिटरमागे 0.6 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालते, तेही सोनाराच्या काट्यावर तोलून. अंदाजानं चिमूट टाकू नका. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना हा स्क्वॅश देऊ नका, ताजाच रस द्या.

जुन्या काचेच्या बाटल्या उकळून, वाळवून भरते.