शैवालाचं खाद्य सुरू करण्याआधी: लेप, लेप आणि लेप

कोळंबीच्या तळ्यात चांगलं खाद्य, तपासलेलं बीज (पिल्लं), पुरेसा ऑक्सिजन हे धरूनच चालतो. ते नसेल तर शैवालावर पैसे घालू नका. स्पिरुलिना किंवा क्लोरेला या शैवालांची पूड म्हणजे औषध नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग तळ्यात शिरल्यावर हिरवी पूड टाकून काहीही थांबत नाही.

माशाला लस देता येते. कोळंबीच्या अंगात प्रतिपिंडं बनतच नाहीत, तिची सगळी भिस्त रक्तपेशींवर. या पेशी ग्लुकानसारखे (एक साखरेची साखळी) पेशीभित्तिकेचे तुकडे ओळखून जाग्या होतात, आणि शैवालाचा उपयोग होतो तो इथे. पण तो पोटात गेला तरच. आजारी कोळंबी सगळ्यात आधी खाणं सोडते. म्हणून धोक्याच्या काळाआधी दोन-तीन आठवडे सुरुवात करा, मर दिसल्यावर नव्हे.

पूड घेताना जड धातू आणि मायक्रोसिस्टिन या विषाचा तपासणी अहवाल मागा. मिळत नसेल तर घेऊ नका, स्वस्त असली तरी. क्लोरेला हवी असेल तर भित्तिका फोडलेलीच घ्या, नाहीतर कडक भित्तिकेमुळे बरीचशी न पचता बाहेर पडते. स्पिरुलिनाला ही अडचण नाही. हिमॅटोकॉकस या शैवालाचा हिशेब त्यातल्या ॲस्टाझँथिन या लाल रंगद्रव्यावरून करायचा: पुडीत ते 2 टक्के असेल आणि किलो खाद्यामागे 50 मिलिग्रॅम हवं असेल, तर पूड 2.5 ग्रॅम. पिशवी हवाबंद, अंधारात, थंड जागी. वास खवट आला की फेका.

आता लेप, म्हणजे पूड दाण्याला चिकटवून ठेवणारा थर. हे वाचताना घाई करू नका. कोरडी पूड दाण्यांवर चोळून तळ्यात टाकली की ती कोळंबीला मिळत नाही, पाण्याला मिळते. मासा दाणा पटकन गिळतो. कोळंबी तो पायांत धरून कुरतडत बसते, तास-दोन तास. तेवढ्या वेळात सगळं धुऊन जातं, पाणी मात्र हिरवं होतं आणि आपल्याला वाटतं, पोटात गेलं.

किलोभर दाण्यांसाठी 2 ग्रॅम सोडियम अल्जिनेट (समुद्री शैवालातून काढलेली चिकट पूड) 100 मिलिलिटर मऊ पाण्यात विरघळवा. जड पाणी नको, त्यातल्या कॅल्शियममुळे आधीच गुठळ्या होतात. अल्जिनेट चिमूट-चिमूट भुरभुरवत ढवळा, एकदम ओतलं तर गोळे होतील आणि ते फुटता फुटत नाहीत. त्यात 10 ते 15 ग्रॅम स्पिरुलिना कालवा, दाण्यांवर फवारत हलवा, सावलीत पंख्याखाली सुकवा. ऊन नको, रंगद्रव्यं मरतात. खाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम लेप घट्ट धरून ठेवतं. गोड पाण्याच्या तळ्यासाठी वरून 1 टक्का कॅल्शियम क्लोराइडचा हलका फवारा द्या. जिलेटिनने भागेल असं वाटत असेल तर थांबा: कोमट तळ्यात ते सैल पडतं. पूड पेलेट मशीनमध्येच घालू असंही वाटेल, पण तिथल्या वाफेत स्पिरुलिनाचं निळं रंगद्रव्य फायकोसायनिन टिकत नाही. लेप वरूनच.

आणि तपासा. काचेच्या ग्लासात तळ्याचंच पाणी, त्यात 20 दाणे, एक तास. शेजारी लेपाविना पूड चोळलेले 20 दाणे. या दुसऱ्या ग्लासात दाण्यांभोवती निळसर धूर पसरत जातो आणि थोड्या वेळात पाणी रंगतं. पहिला ग्लास तासाभरानंतरही जवळपास स्वच्छ राहिला पाहिजे. निळा झाला तर लेप फसला, ती बॅच तळ्यात टाकू नका. पुन्हा सांगतो, ग्लास पाहिल्याशिवाय एक किलोही टाकू नका. डोळ्यांना दाणे छान हिरवे दिसतात, त्यावर जाऊ नका.

एकदम पूर्ण प्रमाण नको. तीन दिवस अर्धं, चेक ट्रे (खाणं तपासायला पाण्यात ठेवलेली ताटली) रिकामा होतोय ना बघा, मग पूर्ण. कात टाकण्याच्या दिवसांत खाणं कमी होतं, तेव्हा खाद्यही कमी. लेप दिलेलं खाद्य त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवा, ओलसर राहिलं तर बुरशी येते.

एका तळ्याला साधं खाद्य ठेवा, नाहीतर फरक कशाशी ताडणार? दर आठवड्याला पाण्यातले व्हिब्रिओ जिवाणू टीसीबीएस प्लेटवर (त्यांना वाढवून मोजायचं माध्यम) तपासा, हिरव्या वसाहतींकडे खास लक्ष. हेपॅटोपॅनक्रियाज (कोळंबीची पचनग्रंथी) उघडून पाहा: फिकट, आक्रसलेला असेल तर शैवालाची वाट बघू नका, प्रयोगशाळेत पाठवा.

नोंदी: तारीख, बॅच, किलो, ट्रेमधलं उरलेलं. नवी पिशवी फोडली की पुन्हा ग्लास.